चंदीगड : गतकाळाविना वसविलेले नगर

नवी राजधानी वसविणे हा सत्ताधीशांचा जुना हव्यास होय. अकबराने १५७१ च्या सुमारास फत्तेपूर सिक्रीस राजधानी थाटली आणि पुरती पंधरा वर्षेही लोटली नाहीत तोच ती सोडून दिली. सवाई जयसिंगाने १७२७ साली जयपूरची पायाभरणी केली. ते नगर आजही नांदते आहे. इंग्रज सरकारने १९११ साली राजधानी कलकत्त्याहून दिल्लीस नेण्याचे जाहीर केले, १९३१ साली नव्या दिल्लीचे उद्घाटन केले आणि तेथून सतरा वर्षांच्या आत त्यांस ती आमच्या हाती देऊन जावे लागले. ही तिन्ही नगरे राजाज्ञेने निर्माण झाली. प्रजेस त्यांविषयी कोणी काही विचारले नव्हते, आणि विचारावे अशी अपेक्षाही कोणी केली नव्हती.

स्वातंत्र्यानंतर मात्र प्रकार बदलला. लोकांनी निवडलेल्या सरकारने, लोकांच्या पैशाने आणि लोकांच्या नावाने राजधानी बांधावयाची, असा प्रसंग आला. या प्रसंगातून निर्माण झालेल्या नगरांत सर्वांत विख्यात ते चंदीगड. त्याविषयी पंडित जवाहरलाल नेहरूंनी व्यक्त केलेली अपेक्षा सर्वश्रुत आहे. हे नगर भारताच्या स्वातंत्र्याचे प्रतीक व्हावे, गतकाळाच्या परंपरांच्या शृंखला त्याच्या पायांत नसाव्यात आणि राष्ट्राची भविष्यावरील श्रद्धा त्यातून प्रकट व्हावी, असा त्यांचा आशय होता. अपेक्षा उदात्त होती यात शंका नाही. परंतु एखादे नगर गतकाळापासून खरोखर मुक्त असे वसविता येते काय, हा प्रश्न तेव्हा फारसा कोणी विचारला नाही. आज सात दशकांचा अनुभव गाठीस असता तो विचारणे अप्रस्तुत होणार नाही, असे आम्हांस वाटते.

प्रथम हे नगर का बांधावे लागले ते पाहू. १९४७ च्या ऑगस्ट महिन्यात पंजाबची फाळणी झाली आणि लाहोर पाकिस्तानात गेले. लाहोर ही केवळ शासनाची जागा नव्हती. पंजाबचे विद्यापीठ, उच्च न्यायालय, वृत्तपत्रे, छापखाने, पेढ्या हे सारे तेथे होते. पंजाबातील सुशिक्षित कुटुंबांची दोन-तीन पिढ्यांची घडण त्याच शहरात झालेली होती. पूर्व पंजाबाच्या वाट्यास पाच नद्यांच्या प्रदेशाचा एक तुकडा आणि निर्वासितांचे लोंढे आले. राजधानी मात्र आली नाही. सरकारचा कारभार तात्पुरता शिमल्याच्या डोंगरावर हलविण्यात आला. अंबाला, जालंधर, लुधियाना, अमृतसर अशी नावे राजधानीसाठी निघाली. पण निर्वासितांच्या गर्दीने फुगलेल्या या शहरांत राजधानीचा भार पेलण्याइतके पाणी, जागा व सोयी कोठेही नव्हत्या, आणि अमृतसर तर नव्या सरहद्दीच्या अगदी तोंडाशी पडत होते. १९४८ च्या मार्च महिन्यात शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याची, तेव्हाच्या अंबाला जिल्ह्यातील जागा मुक्रर झाली. दोन बाजूंस सुखना चो आणि पटियाली की राव हे पावसाळी ओढे, मागे हिमालयाच्या पायऱ्या, पाण्याचा निचरा होईल असा सौम्य उतार आणि सरहद्दीपासून पुरेसे अंतर, हे या जागेचे गुण होते. जवळच चंडीदेवीचे देऊळ होते. त्यावरून नगरास नाव मिळाले.

येथेच पहिली गोष्ट ध्यानात येते. ज्या नगरास गतकाळ नसावा अशी अपेक्षा होती, त्याचा जन्मच मुळी एका हरपलेल्या शहराच्या आठवणीतून झाला होता. चंदीगडकडे पंजाबी माणसाने लाहोरची भरपाई म्हणूनच पाहिले. ही भावना सरकारी कागदांत फारशी आढळणार नाही. परंतु पुढे या नगरासाठी जो कलह माजला तो या भावनेवाचून समजणार नाही.

आखणीचे काम प्रथम आल्बर्ट मेयर या अमेरिकन नगररचनाकाराकडे गेले. त्यांचे साहाय्यक माथ्यू नोविकी हे पोलंडचे तरुण व बुद्धिमान वास्तुशिल्पी होते. १९५० च्या ऑगस्टअखेर परतीच्या प्रवासात इजिप्तमध्ये विमान कोसळून त्यांचा अंत झाला आणि ते काम अर्धवट राहिले. तेव्हा पंजाब सरकारचे मुख्य अभियंते पी. एल. वर्मा आणि प्रशासक पी. एन. थापर हे दोघे युरोपात गेले. लंडनमध्ये मॅक्सवेल फ्राय व जेन ड्रू हे दांपत्य तीन वर्षांसाठी यावयास तयार झाले. पॅरिसमध्ये ल कॉर्ब्युझिए यांनी वर्षातून दोनदा येऊन काम पाहण्याचे मान्य केले, आणि त्यांचे चुलतबंधू पिएर जानरे यांनी प्रत्यक्ष जागेवर राहण्याचे पत्करले. १९५१ च्या फेब्रुवारीत ही मंडळी त्या माळावर जमली आणि थोड्याच दिवसांत मेयर यांच्या पंख्याच्या आकाराच्या आराखड्यास सरळ रेषांचे रूप देऊन नवा आराखडा सिद्ध झाला. १९५३ च्या ऑक्टोबरच्या ७ तारखेस राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते राजधानीचे उद्घाटन झाले.

त्या आराखड्याची रीत वाचकांस थोडक्यात सांगितली पाहिजे. सारे नगर आयताकृती भागांत, म्हणजे सेक्टरांत, विभागलेले आहे. प्रत्येक सेक्टर सुमारे १२०० मीटर लांब व ८०० मीटर रुंद. शाळा, बाजार, दवाखाना, मोकळे मैदान या नित्याच्या गरजा सेक्टरातच भागाव्यात. मुलास शाळेस जाताना वाहनांचा मोठा रस्ता ओलांडावा लागू नये, हा त्यातील मुख्य हेतू. रस्त्यांचे सात वर्ग केले. परगावाहून येणारा हमरस्ता पहिल्या वर्गाचा, तर घरासमोरची वाट आणि हिरवळीतून जाणारी पायवाट अखेरच्या वर्गांची. सायकलींसाठी पुढे आठवा वर्ग जोडण्यात आला. नगराची कल्पना मानवी देहावरून योजिली होती : उत्तरेस डोंगराच्या पायथ्याशी सचिवालय, विधानभवन व उच्च न्यायालय हे मस्तक, मध्यभागी सतराव्या सेक्टरातील व्यापारपेठ हे हृदय, आणि नगराच्या अंगातून वाहणाऱ्या ओढ्याच्या काठची उद्याने ही फुप्फुसे. सेक्टरांस अनुक्रमांक दिले, पण तेरावा अंक मात्र वगळला. बुद्धिवादाच्या या नगरीत पाश्चात्यांची एक समजूत तेवढी निमूटपणे शिरली, ही गोष्ट मौजेची आहे.

ल कॉर्ब्युझिए यांचे नाव त्या भव्य सरकारी इमारतींमुळे जगभर झाले. परंतु नगरातील बहुसंख्य घरे फ्राय, ड्रू, जानरे आणि त्यांच्या हाताखाली शिकलेल्या भारतीय वास्तुशिल्प्यांनी योजिली, हे विसरून चालणार नाही. सरकारी नोकरांच्या घरांचे हुद्द्याप्रमाणे तेरा वर्ग ठरले : पहिला मुख्यमंत्र्यांचा व तेरावा चपराशांचा. अशा उतरंडीविषयी नाक मुरडणे सोपे आहे, आणि तीत वरपासून खालपर्यंत नोकरशाहीची छाया आहे हेही खरे. तथापि त्या तेराव्या वर्गाच्या घरासही दोन खोल्या, स्वयंपाकघर, न्हाणी, शौचकूप, अंगण, नळाचे पाणी आणि वीज होती. ज्या काळी मुंबईत कारकुनांची कुटुंबे चाळीतील एकेका खोलीत दाटीने राहत आणि मजल्यावरील सामाईक नळापाशी ताटकळत, त्या काळी एका चपराशास असे घर मिळणे ही सामान्य गोष्ट नव्हती. पिएर जानरे १९६५ पर्यंत तेथे राहिले. १९६७ साली त्यांचे निधन झाल्यावर त्यांच्या इच्छेनुसार त्यांची रक्षा चंदीगडच्या सुखना तलावात विसर्जित करण्यात आली. परक्या देशातील नगरावर इतका जीव जडावा, हा त्या माणसाचा आणि त्या कामाचाही गौरव होय.

येथवर जमेची बाजू झाली. आता दुसरी बाजू पाहणे प्राप्त आहे.

तो माळ ओसाड नव्हता. तेथे खेडी होती, आमराया होत्या, शेते होती, विहिरी होत्या. राजधानीसाठी ती खेडी एकामागून एक उठविण्यात आली. गावकऱ्यांनी विरोध केला. पण लाखो निर्वासितांचे संसार उघड्यावर पडले असता काही खेड्यांच्या विरोधास कितीसे वजन मिळणार? मोबदला मिळाला, जमिनी गेल्या. ज्या शेतकऱ्यांनी फाळणीत काहीही गमावले नव्हते ते फाळणीच्या भरपाईपायी आपल्याच देशात निर्वासित झाले. एका विस्थापिताचे घर उभारण्यासाठी दुसऱ्यास विस्थापित करावे लागले, हा या नगराच्या पायातील पहिला दगड होय आणि तो कोणत्याही कोनशिलेवर कोरलेला नाही.

दुसरी गोष्ट मजुरांची. हे नगर यंत्रांनी बांधले नाही. गाढवांच्या पाठीवरून आणि बायकांच्या डोक्यावरील घमेल्यांतून त्याची माती व काँक्रीट वाहिले गेले. त्या काळच्या छायाचित्रांत सचिवालयाच्या उंच भिंतीस लागून बांबूंची परांची आणि तीवरून ओझे घेऊन चढणारे स्त्री-पुरुष दिसतात. या मंडळींनी तेरा वर्गांची घरे बांधली. पण त्यांचा स्वतःचा वर्ग त्या तेरांत नव्हता. सरकारी नोकरास घर, पैसेवाल्यास भूखंड. मजूर मात्र काम संपताच आपोआप निघून जाईल अशी जणू आराखड्याची समजूत होती. तो गेला नाही. कोठे जाणार? त्याची झोपडी नगराच्या कडेस पडली, तेथून उठविली गेली, पुन्हा दुसऱ्या कडेस पडली. मधू सरीन यांनी १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात चंदीगडच्या या बाजूचे विस्तृत विवेचन केले आहे. त्यातला मुद्दा थोडक्यात हा, की अशा वस्त्या या योजनेच्या बाहेरून आलेली आपत्ती नव्हेत. योजनेने ज्यांस मोजले नाही त्यांचा तो हिशेब होय.

या दोन्ही गोष्टींस मूर्त रूप देणारा एक मनुष्य त्याच नगरात निघाला. नेकचंद हे १९२४ साली जन्मलेले आणि फाळणीत आपले गाव सोडून आलेले गृहस्थ. राजधानीच्या बांधकामखात्यात ते रस्त्यांचे निरीक्षक म्हणून नोकरी करीत. १९५७ च्या सुमारास त्यांनी नगराच्या उत्तरेकडील राखीव रानात, सरकारी परवानगीवाचून, एक उद्योग आरंभिला. पाडलेल्या खेड्यांतील व बांधकामांवरील मोडतोड, फुटक्या बांगड्या, कपबश्यांचे तुकडे, जळके लोखंड, नदीतील विचित्र आकाराचे गोटे हे सारे सायकलीवरून आणून नोकरीच्या वेळेनंतर त्यांनी त्यांतून माणसे, जनावरे, पाणवठे, राजवाडे असे एक जग घडविले. कित्येक वर्षे याचा कोणास पत्ता नव्हता. सत्तरीच्या दशकात ही गोष्ट उघडकीस आली तेव्हा नियमाप्रमाणे ती बेकायदा ठरून जमीनदोस्त व्हावयाची. परंतु काही जाणत्या अधिकाऱ्यांनी ती वाचविली आणि १९७६ साली हे ‘रॉक गार्डन’ लोकांस खुले झाले. आज चंदीगड पाहावयास जाणारा मनुष्य विधानभवन पाहील न पाहील, हे उद्यान पाहिल्यावाचून परतत नाही. नगराने जे मोडले तेच एका निर्वासिताने वेचून नगराच्या मस्तकाशेजारी मांडून ठेवले. गतकाळ नको म्हणणाऱ्या नगराचे सर्वांत प्रिय स्थान त्या गतकाळाच्याच तुकड्यांचे असावे, यात आमच्या मते बराच बोध आहे.

आता तिसऱ्या व सर्वांत मोठ्या गोष्टीकडे वळू. चंदीगड ज्या राज्याची राजधानी म्हणून बांधले ते राज्यच त्याच्या उद्घाटनानंतर तेरा वर्षांनी दुभंगले. १९६६ च्या नोव्हेंबरच्या १ तारखेस भाषेच्या तत्त्वावर पंजाबातून हरियाणा वेगळे झाले. नगर कोणाचे, या प्रश्नावर एकमत होईना. न्यायमूर्ती जे. सी. शाह यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाच्या बहुमताने ते हरियाणास द्यावे असा अभिप्राय दिला; पंजाबास तो मान्य होणे शक्य नव्हते. अखेर नगर केंद्राच्या ताब्यात ठेवून ते दोन्ही राज्यांची राजधानी ठरविण्यात आले.

मराठी वाचकांस ही हकीकत वाचताना मुंबईची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. १९५६ च्या जानेवारीत मुंबई केंद्रशासित करण्याचे नेहरूंनी जाहीर केले, त्यानंतर महाराष्ट्रात जो प्रक्षोभ उसळला, गोळीबारांत जे बळी पडले, चिंतामणराव देशमुखांनी केंद्रीय मंत्रिपदाचा जो त्याग केला, तो सारा इतिहास आमच्या घराघरांतून सांगितला जातो. मुंबईवर आलेला तो प्रसंग टळला आणि १९६० च्या मे महिन्याच्या १ तारखेस ती महाराष्ट्राची राजधानी झाली. जे मुंबईच्या बाबतीत टळले तेच चंदीगडच्या बाबतीत घडले. फरक इतकाच, की मुंबई शतकानुशतकांच्या व्यापाराने व श्रमाने वाढलेली नगरी होती, तर चंदीगडचे वय १९६६ साली पुरते चौदा वर्षांचेही नव्हते. इतक्या कोवळ्या नगरासाठी माणसे प्राण द्यावयास का सिद्ध व्हावीत? पण झाली. चंदीगड पंजाबास मिळावे या मागणीसाठी दर्शनसिंग फेरुमान यांनी १९६९ साली आमरण उपोषण केले आणि ऑक्टोबरच्या २७ तारखेस देह ठेवला. १९७० च्या जानेवारीत ते पंजाबास द्यावयाचे व त्याबदली अबोहर-फाझिल्का हा मुलूख हरियाणास द्यावयाचा, असा निर्णय इंदिरा गांधींनी जाहीर केला; तो अमलात आला नाही. १९८५ च्या जुलैत राजीव गांधी व संत हरचंदसिंग लोंगोवाल यांच्यात करार झाला. त्याअन्वये १९८६ च्या प्रजासत्ताकदिनी नगराचे हस्तांतर व्हावयाचे होते. करारानंतर महिन्याभरातच लोंगोवाल यांची हत्या झाली आणि तो प्रजासत्ताकदिन तसाच निघून गेला. पुढे १९९५ च्या ऑगस्टच्या ३१ तारखेस त्या सुप्रसिद्ध सचिवालयाच्याच दारी बाँबस्फोटात पंजाबचे मुख्यमंत्री बिआंतसिंग मारले गेले.

आराखड्याच्या दृष्टीने पाहता ही सारी हकीकत अनाकलनीय वाटेल. एकाच विधानभवनात दोन राज्यांच्या विधानसभा भरतात. एकाच सचिवालयात दोन सरकारांच्या कचेऱ्या बसतात. उच्च न्यायालय दोहोंस सामाईक आहे. आणि नगराचा स्वतःचा प्रशासक म्हणून १९८४ पासून पंजाबचे राज्यपाल काम पाहत आले आहेत. व्यवहार चालतो, नळास पाणी येते, रस्ते झाडले जातात. मग तंटा कशाचा? तंटा लाहोरचा आहे, असे आमचे नम्र मत आहे. ज्यांचे एक शहर हिरावले गेले त्यांस त्याच्या जागी मिळालेले दुसरेही अर्धेच आपले आहे, हे पचविणे कठीण जाते. आणि हरियाणाच्या बाजूने पाहावे तर, हे नगर ज्या संयुक्त पंजाबच्या खजिन्यातून बांधले त्यात त्यांच्या जिल्ह्यांचाही पैसा होता. दोहोंचेही म्हणणे गतकाळावर उभे आहे. ज्यास गतकाळ नव्हता त्या नगराचा सारा वाद गतकाळाचाच आहे.

यावरून चंदीगडचा प्रयोग फसला असे अनुमान काढणे आम्हांस मान्य नाही. पहिल्या टप्प्यात दीड लाख आणि अखेर पाच लाख वस्ती धरून योजिलेल्या या नगरीत व तिच्या लगतच्या केंद्रशासित मुलखात २०११ च्या जनगणनेत १०,५५,४५० माणसे मोजली गेली. शिवाय पंजाबच्या हद्दीत मोहाली व हरियाणाच्या हद्दीत पंचकुला ही दोन नगरे त्याच्या अंगास लागून वाढली आहेत. माणसे आपखुशीने तेथे राहावयास जातात, मुलांस तेथे वाढवितात, तेथील सावलीच्या रस्त्यांचा अभिमान बाळगतात. नगराची याहून चांगली परीक्षा कोणती?

इतकेच नव्हे, तर आता चंदीगडास स्वतःचा गतकाळ प्राप्त झाला आहे. २०१६ साली तेथील शासकीय इमारतींच्या समूहाची जागतिक वारसास्थळांत गणना झाली. २०२३ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने पहिल्या टप्प्यातील जुन्या घरांचे मजल्यामजल्यांनी तुकडे पाडण्यास प्रतिबंध केला, आणि तो नगराचे मूळ स्वरूप राखावे या कारणास्तव. परंपरेचे बंधन नको म्हणून जे वसविले, त्याचीच परंपरा राखण्यासाठी न्यायालयास मध्ये पडावे लागले. कालगतीचा हा न्याय आहे. त्यात उपहास करण्याजोगे काही नाही.

आपल्या देशात नव्या राजधान्यांची हौस अद्याप संपलेली नाही. भुवनेश्वर व गांधीनगर झाली, रायपूरनजीक नवे नगर वसले, आंध्रात अमरावतीचा उद्योग आरंभला गेला. जे हे काम हाती घेतील त्यांनी चंदीगडपासून रस्त्यांची रुंदी व झाडांची निवड अवश्य शिकावी. पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट शिकावी. नकाशाचा कागद कोरा असतो, जमीन कधीच कोरी नसते. तिच्यावर कोणी तरी नांगर धरलेला असतो, कोणी तरी ओझे वाहावयाचे असते, आणि तेथे राहावयास येणारा प्रत्येक मनुष्य आपले मागील गाव मनात घेऊनच येत असतो. या तिघांस आराखड्यात प्रथमच जागा द्यावी. न दिल्यास ते आपली जागा मागाहून घेतातच; पण तेव्हा तिची किंमत सर्वांस मोजावी लागते.